शिवार सगळ्यांचे, पण सगळ्यांत कोण?

१८०७ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तंजावर जिल्ह्यातल्या जमिनींचा हिशोब मांडायला घेतला, तेव्हा एका ठिकाणी त्यांची गाडी अडली. सुमारे ५,८०० गावांपैकी जवळजवळ १,८०० गावांत जमीन कुणा एकाच्या मालकीची नव्हती आणि तुकडे पाडून कायमची वाटलेलीही नव्हती. गावातल्या मिराशदारांचे हिस्से तेवढे ठरलेले होते. कुणाचा एक, कुणाचा दीड, कुणाचा पाव. पण अमुक वावर अमक्याचे, असे काही नव्हते. ठरावीक वर्षांनी सगळे हिस्सेदार जमत आणि शिवाराची नव्याने वाटणी करत. एकाच घराण्याच्या नशिबी पिढ्यान्‌पिढ्या पाटाच्या तोंडाशी असलेली काळी जमीन आणि दुसऱ्याच्या नशिबी शेपटाकडची रेताड, असे होऊ नये, हा त्यामागचा विचार होता. कावेरीच्या पुराने कुठे गाळ येतो, कुठे वाळू. जमिनीचा कस बदलत राहतो. त्यातून गावकऱ्यांत उणे-अधिक होते, ते अधूनमधून फेडून टाकावे, अशी कारणे तेव्हा नोंदवलेली आहेत. अशा गावाला ‘समुदायम’ म्हणत.

या गावांत नाण्यांचा खुळखुळाटही फारसा नव्हता. सुगी झाली की भाताची रास खळ्यावर पडे. त्यातून राजाचा भाग निघे, देवाचा निघे, सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा, पाट राखणाऱ्याचा निघे, आणि उरलेले हिस्सेदारांत जाई. पाटांचा गाळ काढायचा, बांध घालायचे, हे काम गाव आपल्या अंगावर घेई. त्याला कुडिमरामत म्हणत. आपल्याकडे बलुत्याची पेंढी आणि विदर्भातल्या मालगुजारी तलावांची देखभाल ज्यांच्या ऐकण्यात आहे, त्यांना यात परके काहीच वाटणार नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’ला (१९१५) भाताचा वास लावला की तंजावर होते.

पैसा नाही, खासगी मालकी नाही, आणि वर बसून हाकणारे सरकारही नाही, असा समाज चालेल का, हा वाद गेली पावणेदोनशे वर्षे युरोपात चालू आहे. आपल्याकडे तो निघाला की दोन वाक्यांत मिटतो. एकजण म्हणतो, माणूस मुळात स्वार्थी, हे असले चालायचे नाही. दुसरा म्हणतो, आपल्या पूर्वजांची गावे अशीच होती, इंग्रजांनी वाटोळे केले. तंजावरचा मामला जवळून पाहिला की दोघांचीही पंचाईत होते. तिथे हे चालले होते, आणि बरीच शतके चालले होते. कसे आणि कुणाच्या पाठीवर चालले होते, याची चौकशी मात्र या वादात सहसा कोणी करत नाही.

आधी बाजू मांडणाऱ्यांचे ऐकू. प्योत्र क्रोपोत्किन हा रशियन सरदारपुत्र भूगोलतज्ज्ञ आणि अराज्यवादी होता. त्याने ‘म्युच्युअल एड’ (१९०२) या पुस्तकात मुंग्यांपासून मध्ययुगीन शहरांपर्यंत परस्परसाह्याचे दाखले गोळा केले. ठरावीक काळाने शेतांचे फेरवाटप करणारी रशियन खेडी त्याला तोंडपाठ होती; तंजावरची फेरवाटपाची पद्धत समोर आली असती तर त्याने एक प्रकरण वाढवले असते. त्याचे म्हणणे सरळ होते. कोणतीही वस्तू कुणा एकट्याने निर्माण केलेली नसते, म्हणून तिच्यावर एकट्याचा दावा नको. कष्टाचे माप काढून मजुरी देण्यापेक्षा गरजेप्रमाणे द्यावे. आणि वरून हुकूम सोडणाऱ्या राज्याऐवजी गावांनी, कारखान्यांनी आपापसात करार करून मोठी कामे उरकावीत. आपल्याकडे धर्मपाल यांनी कंपनीच्याच दप्तरातून असले पुरावे उपसून काढले. शेवटची वर्षे सेवाग्रामात काढलेल्या या माणसाच्या लिखाणात तंजावर पुन्हापुन्हा येते. १८०५ च्या सुमारास तंजावरात बासष्ट हजारांवर मिराशदार होते आणि त्यांतले चाळीस हजारांहून अधिक शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या जातींचे होते, हे त्यांनी आवर्जून दाखवले. जमीन मूठभर ब्राह्मणांच्या हाती होती या समजुतीला त्यामुळे तडा गेला, हे मान्य करायला हवे.

क्रोपोत्किनच्या ‘गरजेप्रमाणे’ या कलमाचाही तंजावरात एक नमुना सापडतो, आणि तो आपल्या भोसल्यांचा आहे. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अन्नछत्रे बांधली होती. सरफोजीराजे (दुसरे) यांनी १७९९ मध्ये राज्य कंपनीच्या हवाली केले, आणि पुढे १८०१ मध्ये या छत्रांना धक्का लागू नये म्हणून रेसिडेंटला एक पत्र लिहिले. त्यातला तपशील वाचण्यासारखा आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजलेला भात. ज्याला शिजलेले चालत नाही त्याला शिधा. आजारी पडला तर वैद्य आणि औषध. वाटेत बाळंत होणारीची सोय. पोरके मूल आले तर त्याला दूध, मोठे झाले की शिक्षण. दारात कुणी मोबदला मागत नव्हते, कुणी ‘तू काय काम करतोस’ विचारत नव्हते. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र याच काळातले. आजच्या कल्याणकारी योजनांच्या अर्जांचा ढीग पाहिला की त्या छत्राची सुटसुटीत व्यवस्था हेवा वाटण्यासारखी आहे.

पण छत्राच्या चुलीला तांदूळ कुठून येई? छत्रांना गावे लावून दिलेली होती. त्या गावांचा राजभाग चुलीत जाई. म्हणजे दारात पैसा नव्हता, सरकार दिसत नव्हते, पण मागच्या अंगणात महसूल वसूल करणारा हात होता. फुकट अन्नाच्या प्रत्येक व्यवस्थेला हा प्रश्न विचारावाच लागतो, मग ते छत्र असो, शिर्डीचे प्रसादालय असो वा लंगर असो. लंगर देणगी आणि सेवेवर चालतो, आणि त्यामुळे अराज्यवाद्यांना तो जास्त आवडावा. तंजावरचे छत्र त्या कसोटीला उतरत नाही.

समुदायम गावाचीही तीच कथा, उलट जास्त कडू. तो बासष्ट हजारांचा आकडा पुन्हा पाहू. तो मिराशदारांचा आहे. त्या शिवारात चिखलणी करणारे, रोपे लावणारे, भात झोडणारे पळ्ळर आणि परैयर त्यात नाहीत. ते गावाबाहेर चेरीत राहत. फेरवाटप झाले की जमीन या हिस्सेदाराकडून त्या हिस्सेदाराकडे जाई. कष्ट करणारा मात्र होता तिथेच राही, कारण वाटपात त्याचा हिस्साच नव्हता. कित्येकदा तो स्वतःच वाटपातला एक जिन्नस असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतगुलामांची खरेदी-विक्री आणि गहाणवट तिथे रूढ होती. १८४३ च्या कायद्याने गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही. पण तोच माणूस कर्जाने बांधलेला ‘पण्णैयाळ’ म्हणून पुढची शंभर वर्षे त्याच बांधावर राबला. कुडिमरामताचा गाळही मिराशदाराच्या नावावर बहुतेक यानेच काढला. आणि जेव्हा गावाची सवय ढिली पडली, तेव्हा मद्रास सरकारने १८५८ मध्ये कायदा करून ते श्रम सक्तीचे केले. त्या कायद्याच्या नावातच सक्तीचे श्रम होते. स्वेच्छेच्या सहकाराला कायद्याची काठी लागली की काय उरते, हे वेगळे सांगायला नको.

त्याच तमिळ प्रदेशातले दुसरे लाडके उदाहरण म्हणजे उत्तरमेरूर. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, परांतक चोळाच्या काळातला तिथला शिलालेख गावच्या समित्यांची निवड सांगतो. ताडपत्राच्या तुकड्यांवर नावे लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढायची. ज्याने हिशोब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद. लागोपाठ पदावर बसायचे नाही. आजच्या जिल्हा परिषदेला हे नियम लावले तर निम्मी सदस्यसंख्या घरी बसेल! पण घड्यात नाव जाण्यासाठी स्वतःची कर भरणारी जमीन लागे, स्वतःच्या जागेवर घर लागे, वय पस्तीस ते सत्तर लागे आणि वेदाध्ययनही लागे. घड्याबाहेर राहिलेल्यांबद्दल शिलालेख बोलत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत ग्रामस्वराज्याच्या गोडव्यांवर जो आसूड ओढला, तो या घड्याबाहेरच्या माणसाच्या बाजूने होता. त्याआधी वीस वर्षे, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले होते. वतन म्हणजे काय? थोडी जमीन, घरोघरची भाकरी, खळ्यावरचे बलुते, आणि त्या बदल्यात गावाचे आणि सरकारचे पडेल ते काम, दिवसा-रात्री, घरातल्या कुणीही. यात पैसा जवळपास नव्हता. म्हणूनच तर कामाची सीमा नव्हती. रोख पगार मिळाला की तास मोजता येतात, काम नाकारता येते, गाव सोडून मुंबईच्या गोदीत जाता येते. धान्यावर आणि शिळ्या भाकरीवर बांधलेला माणूस कुठे जाणार? पैशाविरुद्ध लिहिणाऱ्या बहुतेक युरोपीय विचारवंतांनी पैशाचा हा उपयोग ध्यानात घेतलेला नाही, कारण त्यांच्या डोळ्यासमोर कारखान्यातला मजूर होता. त्याला पैसा बांधत होता. आपल्याकडच्या वतनदार महाराला आणि पण्णैयाळाला पैशाने दोर कापायला मदत केली. गंमत अशी की जमिनीच्या खासगी मालकीवर बाबासाहेबांचाही जीव नव्हता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेतजमीन सरकारने घेऊन सामुदायिक शेती करावी, असे सुचवले होते. फक्त मालकी गावाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. गाव त्यांनी पाहिले होते.

युरोपातला वाद वेगळ्या वाटेने गेला. लुडविग फॉन मिझेस या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये विचारले, बाजारभाव नसेल तर लोखंड नांगराला वापरावे की रुळाला, हे कळणार कसे? समाजवाद्यांना या प्रश्नाने वीस वर्षे झोप लागू दिली नाही, आणि अराज्यवाद्यांना तर तो जास्तच लागू पडतो, कारण त्यांच्याकडे नियोजन मंडळही नाही. तंजावरच्या खळ्यावर तो पडत नव्हता. भात एकच, हिस्से ठरलेले, गरजा परंपरेने बांधलेल्या. जिथे पीक एक आणि माणसे ओळखीची, तिथे हिशोब नाण्याविना होतो. मोबाईल फोनचा होत नाही. माझ्या मते या आक्षेपाला अजून पुरते उत्तर मिळालेले नाही, आणि ‘संगणक हिशोब करील’ हे उत्तर देणाऱ्यांनी संगणक कोणाच्या मालकीचा हे आधी सांगावे.

प्रत्यक्ष प्रयोगांत स्पेनचे नाव सर्वांत आधी निघते. १९३६ च्या यादवी युद्धात आरागॉनच्या कित्येक गावांनी जमिनी एकत्र केल्या, नोटा बाद केल्या, कुटुंबाच्या माणसांप्रमाणे कूपने दिली. काही गावे खुशीने आली, काही बंदूकधारी तुकड्यांच्या सावलीत. वर्षभराने, ऑगस्ट १९३७ मध्ये, फ्रँकोच्या आधी प्रजासत्ताकाच्याच कम्युनिस्ट सेनाधिकाऱ्याने सैन्य घालून आरागॉनची परिषद मोडली. प्रयोग आतून मोडला असता की टिकला असता, हे त्यामुळे कळलेच नाही. हटेराइट पंथीय शेतकरी, मधले काही खंड सोडले तर, सोळाव्या शतकापासून मालमत्ता सामाईक ठेवून आहेत. वसाहत शे-सव्वाशे माणसांच्या वर गेली की तिची दोन करतात, आणि बाहेरच्या बाजारात रोखीने व्यवहार करतात. इस्राएलमधल्या किब्बुत्झांची आद्य वसाहत देगानिया १९१० ची. तिथे सगळ्यांना सारखे, जेवण एका पंगतीत, मुले सामाईक. २००७ मध्ये देगानियाने कामानुसार वेगवेगळा पगार मान्य केला. किब्बुत्झच्या इतिहासात आपल्या ओळखीची एक गोष्ट आहे. सुरुवातीच्या काळात ज्यू कष्टांचाच आग्रह होता, आणि शेजारचा अरब शेतमजूर त्या समतेच्या बाहेर होता.

हिंदुस्थानात या विचाराचा सर्वांत सच्चा माणूस मद्रासचा. एम. पी. टी. आचार्य. १९२० मध्ये ताश्कंदला पहिला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला त्यात ते होते. मग मॉस्कोशी फाटले, बर्लिनला गेले, अराज्यवादी झाले, १९३५ ला मुंबईत आले. रणछोडदास लोटवाला यांच्या आधाराने त्यांनी मुंबईत लिहिले, परदेशी मासिकांशी पत्रव्यवहार ठेवला, आणि मार्च १९५४ मध्ये गरिबीत मुंबईतच वारले. राज्य आणि मजुरी ही एकाच गाठीची दोन टोके आहेत, एक सोडून दुसरे सुटत नाही, असे ते सांगत. ऐकायला फारसे कोणी नव्हते. ऐकणाऱ्यांची गर्दी त्याच सुमारास दुसऱ्या एका माणसाच्या मागे चालत होती. त्याने स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले नाही.

विनोबांनी १९५० मध्ये पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाची देणगी बंद. जे लागेल ते हाताने पिकवायचे, रहाट माणसांनी ओढायचा. कुणाला द्यायचेच असेल तर त्याने श्रम द्यावेत. शेतीची त्यांची गणिते काटेकोर असत, भाजीच्या वाफ्यापर्यंत. कोकणातल्या गागोद्याच्या या माणसाला गणिताचे वेड लहानपणापासून होते. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरले. आगगाडीला पैसे लागतात, म्हणून विनोबा पवनारहून पायी निघाले. परतीच्या वाटेवर १८ एप्रिलला पोचमपल्लीत हरिजनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. भूदानाची पदयात्रा अशी कांचनमुक्तीच्या पोटी जन्मली. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने अख्खे गाव देऊन टाकले आणि ग्रामदान सुरू झाले: जमिनीची मालकी ग्रामसभेची, कसणे ज्याचे त्याचे, भूमिहीनाला वाटा, निर्णय सर्वसहमतीने. समुदायमशी तुलना केली तर एक मोठा फरक दिसतो. इथे भूमिहीन घड्याच्या आत होता.

तमिळनाडूत विनोबा १९५६ मध्ये पोचले, आणि तिथे पळणीला नोव्हेंबरमध्ये जो निर्णय झाला तो जगातल्या कुठल्याही अराज्यवादी चळवळीला लाजवील असा होता. भूदानाचे काम गांधी निधीच्या पैशावर आणि जिल्हा समित्यांच्या जाळ्यावर चालले होते. विनोबांनी दोन्ही सोडायला लावले. निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती. चळवळीला पगारी कार्यकर्ता नको, तिजोरी नको, उतरंड नको, लोकच चालवतील. लोकांनी काही ठिकाणी चालवली, बहुतेक ठिकाणी ती बसली. मिळालेल्या जमिनीचे कागद करायला, मोजणी लावायला, तलाठ्याच्या मागे लागायला माणूस उरला नाही. १९६५ नंतर ‘सुलभ’ ग्रामदान आले. त्यात मालकी नावापुरती ग्रामसभेची, ताबा विसातल्या एकोणीस हिश्शांवर जुन्याच मालकाचा, आणि गावातल्या पाऊणशे टक्के जमीनमालकांच्या सह्या पुरेशा. मग गावे हजारांनी आली आणि कागदावरच राहिली. तंजावरच्या भरल्या शिवारांचा तर ग्रामदानात हातच आखडता होता. तमिळनाडूत त्याचा जोर मदुरैकडच्या कोरडवाहू गावांत होता. ज्याच्याकडे वर्षाला दोन पिके, त्याने का द्यावे?

तंजावरात त्या काळात प्रश्न दुसऱ्या बाजूने पेटत होता. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव आणि कम्युनिस्ट शेतमजूर संघटनांनी चाबकाचे फटके आणि शेणकाला पाजण्याची शिक्षा या दोन गोष्टी बंद पाडण्यापासून सुरुवात केली, यावरून शिवारातले राज्य कुणाचे होते ते कळते. १९५२ मध्ये राजाजींच्या सरकारने तंजावरच्या कुळांसाठी आणि पण्णैयाळांसाठी वेगळा कायदा केला. मजुरीचा तंटा तरीही मरक्काल-पडी या भाताच्या मापांतच चालू राहिला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या किळवेण्मणीत, मजुरी वाढवून मागणाऱ्या आणि लाल बावटा खाली उतरवायला तयार नसलेल्या दलित मजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. एका झोपडीत आसऱ्याला शिरलेली ४४ माणसे जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी होती. जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. भाताने मोजलेली मजुरी, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, एकमेकांवर अवलंबून असलेले गाव, ही सगळी क्रोपोत्किनच्या यादीतली लक्षणे तिथे होती.

कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन हे सर्वोदयी जोडपे त्यानंतर तिथे जाऊन राहिले. दोघेही विनोबांच्या मुशीतले, जमीन ही हवा-पाण्यासारखी सामाईक आहे असे मानणारे. सुरुवातीला वलिवलमला मंदिराच्या जमिनीसाठी सत्याग्रह केला. १९८१ मध्ये त्यांनी लाफ्टी ही संस्था काढली. तिची पद्धत अशी: जमीनदाराशी घासाघीस करून भाव ठरवायचा, बँकेचे कर्ज आणि सरकारी महामंडळाचा पैसा उभा करायचा, आणि एकेक एकराचे खरेदीखत थेट भूमिहीन दलित बाईच्या नावाने करायचे. तेरा हजारांच्या आसपास कुटुंबांना असे एकर मिळाले. २००८ मध्ये त्या दोघांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पैसा, सरकार आणि खासगी मालकी, तिन्ही नाकारणाऱ्या परंपरेतल्या माणसांनी तिन्हींचा उपयोग केला, आणि तो बरोबर केला असे मला वाटते. चेरीत राहणाऱ्या बाईला सामाईक मालकीचा अर्थ तीनशे वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होता. तिला आधी असा कागद हवा होता, ज्यावरचे नाव कुणी फेरवाटपात फिरवणार नाही.

म्हणून सामाईक मालकी सोडून द्यावी, असे मात्र निघत नाही. त्याचा दाखला तंजावरात नाही, गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राने ऐकलेली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने आधी अभ्यासगट चालवले, मग सर्वसहमतीची सवय लावली. मतदान नाही, एकजण अडला तरी निर्णय थांबतो. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. २०१३ मध्ये सगळ्यांनी आपापल्या शेतांची मालकी ग्रामसभेकडे दिली, १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली. म्हणजे खासगी मालकी गेली, बहुमताचे राज्य गेले. पैसा गेला नाही: बांबू निविदा काढून विकला जातो, मजुरी बँकेच्या खात्यात पडते. सरकारही गेले नाही. उलट आपले सरकारपण सरकारने कागदावर मानावे म्हणून गावाला कोर्टाची पायरी चढावी लागली. मेंढ्यात हे जमले याचे एक कारण असे की गाव बहुतांशी एका जमातीचे आहे आणि बाहेर चेरी नाही. दुसरे म्हणजे त्यांनी घाई केली नाही.

तंजावरहून उत्तरेला, पुदुच्चेरीच्या वेशीवर ऑरोविल आहे. तिथेही घर राहणाऱ्याच्या मालकीचे नसते आणि आतले व्यवहार रोखीने करायचे नाहीत असा दंडक आहे. २८ फेब्रुवारी १९६८ ला पायाभरणी झाली, म्हणजे किळवेण्मणीच्याच वर्षी. पन्नास हजारांचे शहर योजले होते. वस्ती तीन हजारांच्या आसपास थांबली. आतले तंटे इतके वाढले की १९८८ मध्ये संसदेने कायदा करून ते आपल्याकडे घेतले. अलीकडे रस्त्यासाठी झाडे तोडण्यावरून राहणारे आणि सरकारने नेमलेले मंडळ समोरासमोर उभे ठाकले. बागेत, स्वयंपाकघरात, बांधकामावर रोज आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे येतात आणि रुपयांत मजुरी घेऊन संध्याकाळी परत जातात.

सामाईक गोष्टी लोक कशा सांभाळतात याचा सर्वांत कसून अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रम यांनी केला आणि त्यासाठी २००९ चे नोबेल मिळवले. व्हॅलेन्सियाच्या पाटकऱ्यांचे न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसते आणि तोंडी निकाल देते, हे त्यांचे आवडते उदाहरण. त्यांनी सांगितलेली पहिलीच अट म्हणजे सीमा स्पष्ट हवी: कोण आत, कोण बाहेर. अटीत तथ्य आहे, पण तंजावरच्या माणसाने ती वाचताना थोडे थबकावे. तंजावरची सीमा कमालीची स्पष्ट होती. माझ्या दृष्टीने ऑस्ट्रमबाईंच्या यादीत आणखी दोन अटी घालाव्या लागतील. बाहेरच्याला आत येण्याची वाट हवी, आणि आतल्याला उपाशी न मरता निघून जाता यायला हवे. दुसरी अट पुरी व्हायची तर कुठे ना कुठे पैसा लागतो, निदान गावाच्या वेशीवर.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. तो सर्वांत अवघड आहे. गावातले पाट गाव राखील. पण कल्लणैचा बंधारा, १९३४ मध्ये पुरे झालेले मेट्टूर धरण आणि त्याच्याही वर कर्नाटकातली धरणे कोण राखणार? अराज्यवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे: गावांचा संघ, संघांचा महासंघ, करार आणि वाटाघाटी. आता कावेरीकडे पाहा. १९२४ चा करार झाला, तो संपला. १९९० चा लवाद, त्याचा २००७ चा निवाडा, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, की तमिळनाडूच्या सीमेवरच्या बिळिगुंडलूला वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी पोचावे. ते पोचते की नाही हे पाहायला प्राधिकरण नेमले. त्या प्राधिकरणाकडे ना पोलीस, ना धरणाच्या दारांची चावी. दोन राज्यांनी मानले तर मानले. पाऊस बरा असला की ते मानतातही. २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली, बेंगळुरू बंद झाले, मंड्याचे शेतकरी रस्त्यावर बसले, आणि इकडे तंजावर-नागपट्टिणम पट्ट्यात कुरुवै भाताचे पीक वाळले. समुदायमच्या मिराशदारांनी शेपटाच्या शेतकऱ्याचे दुःख फेरवाटपाने सोडवले होते, निदान आपसात. नदीचे फेरवाटप करता येत नाही. मंड्या कायम वरच आहे आणि नागपट्टिणम कायम खाली. या दोघांत वर बसलेला कुणी नसताना करार टिकेल कसा, हे मला क्रोपोत्किनमध्ये सापडले नाही, आणि वर सर्वोच्च न्यायालय बसलेले असतानाही तो दुष्काळात टिकत नाही, हेही दिसतेच आहे.